एका पासवर्डवर चाललेला दवाखाना

नागपुरात इंदोऱ्यातल्या आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील छापखान्यात नोकरीला. नोकरी पोटासाठी आणि पत्रकं जिवासाठी, अशी त्यांची वाटणी होती. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. शाळेत मास्तर पोरांकडून मैदान झाडून घेतात, काढा पत्रक. नात्यातल्या एकाने हुंडा घेतला तेव्हा आम्ही त्याच्याच लग्नात हुंड्याविरुद्ध पत्रकं वाटली आणि पंगतीला बसून जेवूनही आलो. मी अक्षरं शिकले ती प्रूफांवर. त्यामुळे आजही वाक्य लिहायला बसले की आधी 'निषेध' सुचतो, कर्ता आणि कर्म मागून येतात.

अशा मुलीला एका सॉफ्टवेअर कंपनीनं प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर म्हणून नेमलं, यात चूक कंपनीची आहे. कंपनी पुण्याची. तिला नागपुरातल्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम मिळालं होतं. केसपेपर, औषधांच्या नोंदी, सुट्टीचे कागद, ऑफिसची पत्रं-नोटिसा, सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. त्यासाठी इथलं कोणीतरी हवं होतं, जे नर्सेसशी मराठीत बोलेल आणि पुण्याशी इंग्रजीत. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "माणसं एकत्र आणण्याचा काही अनुभव?" मी म्हटलं, "मोर्चे काढलेत." ते खूप हसले. त्यांना तो विनोद वाटला आणि मला नोकरी लागली.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणजे काय ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही, त्यानं सगळ्यांना तारखा द्यायच्या. मी डॉक्टर नव्हते म्हणून डॉक्टर ऐकत नसत, प्रोग्रामर नव्हते म्हणून प्रोग्रामर ऐकत नसत, आणि वॉर्डातले मामा माझं ऐकत नसत कारण ते कोणाचंच ऐकत नसत. दर शुक्रवारी पुण्याला स्टेटस रिपोर्ट पाठवायचा. माझ्या पहिल्या रिपोर्टचं शीर्षक होतं, 'नर्सिंग कर्मचाऱ्यांना अंधारात ठेवून कोणाचा विकास?' खाली मागण्या होत्या.

पुण्याच्या साहेबांचा फोन आला. "रिपोर्ट छान आहे, पण आपल्याकडे फक्त रंग भरायचे असतात. काम बरं चाललं असेल तर हिरवा, अडलं असेल तर पिवळा, बुडलं असेल तर लाल."

पुढच्या शुक्रवारी मी सगळे रकाने लाल भरले. त्यावरही फोन आला.

प्रशिक्षण मात्र मी मनापासून दिलं. नर्सेसना आधी जे कागद दिले होते ते इंग्रजीत होते आणि ते वाचून पासवर्ड कसा तयार करायचा हे देवालाही कळलं नसतं, म्हणजे आमच्या घरी देव मानत नाहीत, पण तरी. मी स्वतः मराठीत पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरात, 'एक माणूस, एक पासवर्ड'. खाली लिहिलं, की ज्यानं औषध दिलं त्याचंच नाव नोंदीवर आलं पाहिजे. वर्षानुवर्षं काम तुम्ही करता आणि सही दुसऱ्याची असते, हा अन्याय आता मशीन मोडून काढेल. अंगठा देऊन जगलेल्या समाजाला पासवर्ड म्हणजे काय ते सांगण्याची गरज नाही, असंही एक वाक्य होतं. ते वडिलांनी घातलं होतं. वडिलांनी पत्रक फुकट छापून दिलं, पिवळ्या कागदावर. वॉर्डावॉर्डात चिकटवलं.

नर्सेसनी ते फार आवडीनं वाचलं. एकीनं विचारलं, "मॅडम, मोर्चा कोणत्या तारखेले हाय?"

मग पासवर्ड तयार झाले. सॉफ्टवेअरचा नियम असा की पासवर्डात एक मोठं अक्षर पाहिजे, एक लहान पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे, आणि ठरावीक दिवसांनी तो बदलायचा, जुना परत चालणार नाही. चुकीचा पासवर्ड तीनदा टाकला की खातं बंद. ज्या माणसाच्या हातात एका वेळी सलाईन, नातेवाइकाचा फोन आणि कुणाचं तरी रडतं पोर असतं, त्याच्यासाठी हा नियम कोणी केला, हा प्रश्न मी लाल रंगात विचारला होता. आठवडा उलटायच्या आत दवाखान्यातली जवळजवळ सगळी खाती बंद पडली. डॉक्टरांचीही.

बंद खातं उघडण्याचा अधिकार फक्त पुण्याच्या मदत केंद्राला होता. त्यांना ऑफिसच्या ई-मेलवरून विनंती पाठवायची. ऑफिसच्या ई-मेलचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता, कारण तो ऑफिसच्या ई-मेलवर पाठवलेला होता. मी हे साहेबांना फोनवर समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तो वेगळ्या टीमचा विषय आहे." मला स्वतःला खाती बंद करता येत होती, उघडता येत नव्हती. कंपनीनं मला बरोबर ओळखलं असावं.

संपूर्ण दवाखान्यात एकच खातं अखंड चालू होतं, ते पुरुषांच्या सर्जरी वॉर्डातल्या सिस्टरचं.

या सिस्टर मूळच्या उमरेडच्या, घरी पूर्वी हातमाग. बारीक चण, भराभर चाल, बोलणं त्याहून भराभर. त्यांचे यजमान मालगाडीचे ड्रायव्हर. सिस्टरनी पासवर्ड म्हणून यजमानांच्या इंजिनाचा नंबर टाकला होता, मागेपुढे अक्षरं आणि चिन्ह लावून. बदलायची वेळ आली की यजमानांनी नंतर चालवलेल्या इंजिनाचा नंबर. रेल्वेकडे इंजिनांना तोटा नाही, त्यामुळे सिस्टरचं खातं कधी अडलं नाही.

आणि मग जे झालं ते आपल्याकडेच होऊ शकतं. एका दुपारी शेजारच्या स्त्रियांच्या वॉर्डातून एक नर्स आली. औषध दिलं होतं, नोंद करायची होती, खातं बंद.

"दे ना वं तुवा पासवर्ड. माह्या खात्याले मशीन घेऊनच नाई राहिलं."

सिस्टरनी दिला. वाटीभर विरजण मागायला आलेल्या शेजारणीला कोणी नियम सांगत नाही. मग त्या नर्सनं तो बाळंतिणींच्या वॉर्डात दिला, तिथून लहान मुलांच्या वॉर्डात गेला, तिथून ऑपरेशन थिएटरमध्ये. विरजण असंच गल्लीभर फिरतं आणि कोणाच्या घरचं मूळ दही होतं ते कोणाला आठवत नाही. इंजिन बदललं की नवा नंबर कळावा म्हणून प्रत्येक वॉर्डातल्या फळ्यावर 'आजचा सुविचार' लिहितात ना, त्याच्या खाली लिहायला लागले. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वर होतं, 'शांत राहा, समाधानी राहा', आणि खाली इंजिन. बाजूलाच माझं पिवळं पत्रक होतं.

मी त्या वॉर्डातल्या नर्सला म्हटलं, "अहो, हे काय? एक माणूस, एक पासवर्ड."

ती म्हणाली, "एकच हाय ना, मॅडम. तुम्हीच सांगतलं."

मी वैद्यकीय अधीक्षकांकडे गेले. अधीक्षक म्हणजे अत्यंत सज्जन माणूस, कोणालाही नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येई. म्हणून ते प्रत्येक गोष्टीला 'होऊन जाईल' म्हणत. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "होऊन जाईल." मी पुण्याला लाल रंग पाठवला. पुण्याहून उलट अभिनंदन आलं. त्यांच्या पडद्यावर नागपूरचा आलेख वर वर चालला होता आणि एक सिस्टर तर देशातल्या त्यांच्या सगळ्या दवाखान्यांत पहिली आली होती. एकाच मिनिटाला तिनं चार वॉर्डांत इंजेक्शनं दिली होती, एक टाका घातला होता आणि एका बाळाचं वजन केलं होतं.

"अशी माणसं आहेत म्हणून प्रोजेक्ट चालतात," साहेब म्हणाले.

"सर, अशी माणसं नसतात," मी म्हटलं.

तरी प्रमाणपत्र आलं. 'चॅम्पियन युजर'. केक आला. सिस्टरनी तो कापला, सगळ्यांना भरवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, मी काय केलं म्हणते मी?"

हे असंच चाललं असतं. पण कंपनीला आणखी एका गोष्टीचा अभिमान होता. पेशंटला काहीही उपचार दिले की त्याच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर आपोआप संदेश जायचा.

रामटेकचे एक म्हातारे गृहस्थ ऑपरेशन होऊन घरी गेले होते. कागदावर त्यांना सुट्टी झाली होती, मशीनवर करायची राहिली होती. त्यांच्या खाटेवर नवा पेशंट आला. त्याला एनिमा द्यायचा होता, तो व्यवस्थित दिला गेला, आणि नोंद खाटेवरच्या जुन्या नावावर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यांचा मुलगा मोबाइल घेऊन दवाखान्यात हजर. ओपीडी भरलेली. त्याचा आवाज मुळातच शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा.

"माहा बाप आंगणात बसून वांग्याची भाजी खाऊन राहिला होता," तो म्हणाला. "अन् ह्याच्यात लिहून हाय का त्याले एनिमा देल्ला. कोणी देल्ला? कुठून देल्ला?"

ओपीडीत भिवापूरहून आलेल्या एक बाई होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "घरपोच देतेत वाटते आता."

हसू थांबेना. पण त्या हसणाऱ्या ओपीडीच्या दारात त्या वेळी दवाखान्याचे विश्वस्त उभे होते. वय झालेलं, पूर्वीचे हेडमास्तर, काठी घेऊन अधूनमधून पाहणीला येत. ते हसले नाहीत. त्यांनी मुलाकडून मोबाइल मागून घेतला, चष्मा वर करून वाचलं आणि अधीक्षकांना एवढंच सांगितलं, "चौकशी करा. मला बोलवा."

नोंदीवर नाव सिस्टरचं. नोटीस सिस्टरला. नोटिशीत लिहिलं होतं, की एकतर आपण खोटी नोंद केली, किंवा आपला पासवर्ड दुसऱ्यास दिला. दोन्ही गैरवर्तनच आहे. तरी दोहोंपैकी कोणतं केलं आणि दुसरं असल्यास कोणास दिला, ते लेखी कळवावे. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत आपली ओपीडीत मंजूर झालेली बदली स्थगित.

त्या शेवटच्या ओळीनं सिस्टर खचल्या. बाकी सगळं त्यांनी चहासोबत पचवलं असतं.

कॅन्टीनमध्ये आलुबोंड्याची प्लेट पुढ्यात तशीच ठेवून त्यांनी मला सांगितलं. हुडकेश्वरला त्यांचं घर. लग्न झाल्यापासून पाळी यांची वेगळी, मालगाडीची वेगळी. एक आत येतो तेव्हा दुसरा बाहेर पडतो. "आमचा संसार गेटवर होते," त्या म्हणाल्या. "ते किल्ली देतेत, मी डबा देते. ते म्हणते, दूध तापवून ठेवलं. मी म्हणते, गॅसचा नंबर लावा. झालं. इतकं बोलणं. आता त्यायले दिवसाची ड्यूटी भेटली. मले ओपीडी भेटली का संध्याकाळी दोघं घरी. मले काही सिनेमा नाई पाहाचा, वं. एक टाइम सोबत जेवाचं हाय."

त्या मला मॅडमवरून 'वं'वर आल्या होत्या. मी पेटले.

"सिस्टर, तुमच्या पासवर्डवर अख्खा दवाखाना चालतो. आपण सगळ्या नर्सेसच्या सह्यांचं निवेदन काढू. मी आजच्या आज मजकूर लिहिते. प्रत्येकीनं सांगायचं, मीही वापरला."

"पत्रक नको काढू. एक काढलं होतं तू."

"मग त्या एनिम्याची नोंद कोणी केली ते तरी सांगा. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय. नवीन पोरगी हाय. अजून पक्की नाई झाली. तिले उद्या घरी बसवतीन."

"पण तुम्ही का सोसायचं?"

"तिनं मांगतला, मी देल्ला. देताना हासत देल्ला. आता नाव सांगू काहून?" मग त्यांनी आलुबोंडा माझ्याकडे सरकवला. "तू खा. भाषण करून भूक लागते."

आलुबोंडा संपवून मी पुण्याला फोन केला. कोणत्या कॉम्प्युटरवरून कोण काम करत होतं याची माहिती चौकशीपुढे ठेवू द्या, म्हणजे सगळा दवाखाना एका खात्यावर चालतो हे दिसेल आणि एकट्या बाईवर येणार नाही. साहेब म्हणाले, दवाखान्यानं काम पूर्ण झाल्याच्या कागदावर अजून सही केलेली नाही, असं काही दाखवलं तर ती होणारच नाही. शिवाय तो आपल्या कामाचा भाग नाही. मी विचारलं, "मग आपल्या कामाचा भाग काय आहे?" ते म्हणाले, "वेळेवर पूर्ण करणं." मी विचारलं, "काय?" त्यांनी फोन ठेवला.

तेव्हा मी ठरवलं, की माहिती नाही तर नाही, तोंड आहे. चौकशीला मलाही बोलावलं होतं, सॉफ्टवेअरची बाजू म्हणून. मी भाषण लिहून काढलं. वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, सुरुवात थंड आहे. त्यांनी सुरुवातीला 'रक्त' हा शब्द घातला. मी म्हटलं, "बाबा, दवाखान्यात रक्ताचं कोणाला काही वाटत नाही." त्यांना ते पटलं, पण शब्द काढवेना.

चौकशी अधीक्षकांच्या खोलीत, दुपारी. टेबलाच्या मधोमध विश्वस्त, काठी टेबलावर आडवी ठेवून. एका बाजूला अधीक्षक, दुसऱ्या बाजूला मेट्रन. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, इस्त्री केलेल्या बाई, त्यांच्यासमोर खुर्च्यासुद्धा नीट बसत. समोर सिस्टर आणि मी. भिंतीवर प्रोजेक्टरचा निळा चौकोन. माझ्या हातात भाषणाचे कागद, 'रक्ता'सह.

विश्वस्त म्हणाले, "आधी ती नोंद दाखवा. मग बोलू."

"हो सर," म्हणून अधीक्षकांनी कीबोर्ड ओढला. आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीननं सांगितलं, खातं बंद आहे. त्यांनी पुन्हा टाकला. मशीननं पुन्हा सांगितलं. अधीक्षकांनी कपाळ पुसलं, आणि मग अगदी रोजच्या सवयीनं, अतिशय अदबीनं, समोर बसलेल्या आरोपीकडे पाहून विचारलं,

"सिस्टर, आज कोणता चालू आहे?"

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "साहेब, कालचा नाई चालत. इंजिन बदललं."

"सर, मी टाकते," मेट्रन म्हणाल्या. "मला माहीत आहे, सकाळीच फळ्यावर पाहिला." आणि त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे घेऊन खटाखट टाकला. चिन्हासकट. एकदाही न चुकता.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत सिस्टरचं पूर्ण नाव आलं आणि त्याखाली, 'आपले स्वागत आहे'.

आपण काय केलं हे मेट्रनना आधी कळलं, त्यांनी हात मांडीवर घेतले. अधीक्षकांना थोड्या वेळानं कळलं. सिस्टरना कळलंच नाही, त्या अजून उभ्या होत्या, आणखी काही लागलं तर.

विश्वस्तांनी चष्मा वर केला, भिंत वाचली, मग अधीक्षकांना वाचलं.

"हे कोणाच्या नावानं उघडलं?"

"सर, ते... तात्पुरतं," अधीक्षक म्हणाले.

"आणि ही नोटीस? तीही यातच तयार केली?"

अधीक्षकांनी पुन्हा कपाळ पुसलं. मेट्रन खिडकीबाहेर पाहू लागल्या. म्हणजे सिस्टरला दिलेली कारणे दाखवा नोटीस मशीनच्या लेखी सिस्टरनंच काढली होती. भिवापूरच्या त्या बाई तिथं असत्या तर काय म्हणाल्या असत्या, असं माझ्या मनात आलं आणि मला इतकं हसू आलं की मी भाषणाचे कागद तोंडावर धरले.

विश्वस्त म्हणाले, "मी शाळा चालवली आहे. वर्गात सगळी मुलं एकाच पाटीवर लिहीत असतील तर शिक्षा पाटीच्या मालकाला करत नाहीत. नोटीस मागे घ्या."

माझं भाषण वाया गेलं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

पण अधीक्षक सुटकेच्या आनंदात होते आणि आनंदात सज्जन माणूस फार धोकादायक होतो. ते म्हणाले, "सर, एक सुचवू? नाहीतरी सिस्टरकडेच सगळं व्यवस्थित चालू आहे. त्यांनाच पासवर्ड प्रमुख म्हणून नेमू. मोबाइल चोवीस तास चालू ठेवायचा, दिवसा, रात्री, जिथं अडेल तिथं त्या मदत करतील. बॅजही देऊ."

मेट्रन म्हणाल्या, "ओपीडीत मग जमणार नाही. वॉर्डातच राहावं लागेल. रात्रपाळीला तर हवीच."

सिस्टर उभ्याच होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. दवाखान्यात कोणी काही मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं कोणी ऐकलं नव्हतं. सगळं प्रकरण तिथूनच सुरू झालं होतं. त्यांचे ओठ हलले, आणि आवाज आला तो इतका हळू, की विश्वस्तांना कानामागे हात धरावा लागला.

"नाई साहेब."

"काय?"

"नाई म्हणते मी. मले बॅज नको. मले दिवसपाळी पाहिजे."

"पण सिस्टर," अधीक्षक समजुतीनं म्हणाले, "तुम्ही नाही म्हटलं तर दवाखाना चालेल कसा?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. "तुले बंद करता येते ना, वं? कर मग."

मला त्याहून जास्त सांगावं लागलं नाही. कागद अजून बंद झालेले नव्हते, वॉर्डात सगळं हातानंही लिहिलं जात होतं, त्यामुळे कोणाचं औषध चुकणार नव्हतं, एवढा विचार मी केला. मग मेट्रनपुढचा कीबोर्ड ओढला, माझ्या नावानं आत गेले आणि सिस्टरचं खातं बंद केलं. आयुष्यात इतके निषेध केले, पण एका बटणात बसणारा तो पहिलाच.

आधी एक फोन वाजला. स्त्रियांचा वॉर्ड. मग बाळंतिणींचा. मग ऑपरेशन थिएटर. मग सगळे एकदम. अधीक्षक एक उचलायचे, "होऊन जाईल" म्हणायचे, दुसरा उचलायचे. शेवटी त्यांनी स्वतः पुण्याच्या मदत केंद्राला फोन लावला. स्पीकरवर सनई लागली. बराच वेळ आम्ही सगळे सनई ऐकत बसलो, मुलगी पाहायला आल्यासारखे. मग एका मुलानं गोड आवाजात सांगितलं, "सर, ऑफिसच्या ई-मेलवरून विनंती पाठवा."

"बाळा," विश्वस्तांनी फोन आपल्याकडे घेतला. "तुझे मोठे साहेब कुठं बसतात? त्यांना सांग, नागपूरचे हेडमास्तर खुर्ची टाकून बसलेत. सगळ्यांची नावं मी वाचून दाखवतो. तू एकेक उघडत जा. मला घाई नाही."

आणि खरंच त्यांनी हजेरी घेतल्यासारखी नावं वाचली. पलीकडचा मुलगा प्रत्येक नावाला "हो सर" म्हणत होता. बाहेर नर्सेसची रांग लागली. जिचं नाव उघडे ती आत येऊन नवा पासवर्ड टाकी, बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. मेट्रन स्वतः रांगेवर देखरेख करत होत्या. एक नवी पोरगी खाली मान घालून आली, पासवर्ड टाकला आणि जाताना सिस्टरच्या पाठीशी क्षणभर उभी राहिली. सिस्टरनी मागे न बघता तिला ढकललं, "जाय, वॉर्डात कोणी नाई." इतक्या दिवसांच्या माझ्या लाल रंगांनी जे झालं नव्हतं ते दुपारच्या चहाच्या आत उरकलं.

साहेबांचा पुण्याहून फोन आला. त्यांच्या पडद्यावरचा नागपूरचा आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली आला होता. "काय झालं तिथं? आपली चॅम्पियन एकदम थांबली."

"तिची बदली झाली, सर," मी म्हटलं. त्या शुक्रवारी मी पहिल्यांदा एक रकाना हिरवा भरला. साहेबांनी विचारलं, चुकून झालं का?

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर दवाखान्यानं सही केली, पण पुष्कळ उशिरा. मला कंपनीनं पुढच्या प्रोजेक्टवर घेतलं नाही. समन्वयाचा अभाव, असं कारण दिलं. वडिलांनी त्यावर पत्रक काढायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं आणि त्यांना फार आश्चर्य वाटलं.

परवा हुडकेश्वरला एका कामासाठी गेले होते. संध्याकाळी भाजीच्या गाड्यावर सिस्टर दिसल्या. घरच्या साडीत होत्या, ओळखायला वेळ लागला. हातात पालकाची जुडी, ती कशी कोमेजलेली आहे हे त्या भाजीवाल्याला पटवत होत्या.

"कशी आहे ओपीडी?" मी विचारलं.

"मस्त. पाच वाजता घरी." त्यांनी पालक परत ठेवला, दुसरा उचलला. "पण पाह्य वं, ते बी घरी असतेत न. रोज संध्याकाळी. मले माहीतच नव्हतं, हा माणूस जेवताना इतका बोलते. प्रत्येक सिग्नल कुठं लाल भेटला, कुठं पिवळा, सगळं सांगते. घासाघासाले थांबते. माहं जेवण होऊन जाते, ताट वाळते, तरी गाडी वर्ध्याले नाई पोचत."

"मग उठायचं तुम्ही," मी म्हटलं.

सिस्टरनी पिशवीत पालक टाकला आणि माझ्याकडे वेड्यासारखं बोलतेस अशा नजरेनं पाहिलं.

"काहून उठू?" त्या म्हणाल्या.